दुसरा वारसदार

आजचा माझा विषय पदार्थविज्ञानांतील आहे, हें ऐकून कांहीं घरांतून रेडिओची कळ फिरविली जाण्याचा संभव आहे. म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, मी आज जी हकीकत सांगणार आहें ती एका हिशेबाची आहे. आणि हिशेब कोणत्या घरांत मांडला जात नाहीं? महिनाअखेर जमा व खर्च यांचा मेळ घालावयास बसावें, आणि चार रुपयांची तूट यावी. पुष्कळ आठवूनहि ते चार रुपये आठवत नाहींत. शेवटीं कंटाळून आपण ते ‘किरकोळ’ या सदराखालीं टाकतों आणि वही मिटतों. घरच्या वहींत हें चालतें. सृष्टीच्या वहींत मात्र ‘किरकोळ’ हें सदर नाहीं. तेथें एकदां अशी तूट आली. ती कशी भरून काढावी हें सोळा वर्षें कोणाला सुचलें नाहीं. आणि एका तरुणानें ती भरून काढण्याची युक्ति सुचविली तेव्हां ती खरी ठरावयास आणखी सव्वीस वर्षें लागलीं.

हकीकतीकडे वळण्यापूर्वीं माझ्या एका जुन्या देण्याचा उल्लेख केला पाहिजे. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. शिक्षकीची सनद घेऊन एका तालुक्याच्या गांवीं गणित व शास्त्र हे विषय शिकविण्यांत माझी सारी नोकरी गेली. पाठ्यपुस्तकापलीकडचें जें कांहीं मला ठाऊक आहे तें वाचनानें मिळविलेलें आहे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. वरच्या वर्गांत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवून झाला होता. ऊर्जा निर्माण होत नाहीं व नाशहि पावत नाहीं, ती केवळ एका रूपांतून दुसऱ्या रूपांत जाते, हें वाक्य मुलांनीं घोकून टाकलें होतें. तास संपावयास थोडा अवकाश होता, म्हणून मीं हौसेनें न्यूट्रिनो नांवाच्या कणाची गोष्ट सांगितली. अणूच्या एका व्यवहारांत ऊर्जेची तूट दिसली आणि ती भरून काढण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं न दिसणारा एक कण कल्पिला, असें मीं म्हणालों. तोंच मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, आमच्या आजीचे पैसे हरवले म्हणजे ती म्हणते, भुतानें नेले. भूतहि दिसत नाहीं. मग आजीच्या म्हणण्यांत आणि या शास्त्रज्ञांच्या म्हणण्यांत फरक काय?” वर्ग हसला. मला उत्तर सुचलें नाहीं. आणि उत्तर न सुचलेला शिक्षक बहुधा जें करतो तेंच मीं केलें. त्याला तास संपेपर्यंत तसाच उभा ठेवला.

तो प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तो फार चांगला प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर माझ्याकडे येणें राहिलें आहे. आज तें देण्याचा माझा विचार आहे.

प्रथम ती तूट कशी आली तें पाहूं. प्रत्येक अणूच्या पोटांत एक अत्यंत लहान व जड गाभा असतो. त्याला आपण अणुगर्भ म्हणूं. कांहीं मूलद्रव्यांच्या अणूंतून आपोआप किरण बाहेर पडतात, हा शोध १८९६ सालीं पॅरिस येथें आंरी बेकरेल यांना लागला. या किरणांपैकीं एका जातीला अर्नेस्ट रदरफर्ड यांनीं ‘बीटा’ हें नांव दिलें, आणि हे बीटा किरण म्हणजे अतिशय वेगानें सुटलेले इलेक्ट्रॉन होत हें लौकरच ठरलें. अणुगर्भ एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो आणि स्वतः दुसऱ्या मूलद्रव्याचा अणुगर्भ होऊन बसतो, एवढाच हा व्यवहार.

यांतला हिशेब असा. पहिल्या अणुगर्भाजवळ ठराविक ऊर्जा असते. मागें उरणाऱ्या अणुगर्भाजवळहि ठराविकच असते. दोहोंतला जो फरक तो बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वांट्यास आला पाहिजे. समजा, एका गांवची अशी रीत आहे कीं, प्रत्येक म्हातारा मरतांना मागें बरोबर शंभर रुपये ठेवतो आणि प्रत्येकाला वारसदार एकच असतो. तर मग गांवांतल्या प्रत्येक वारसदाराच्या हातीं शंभरच रुपये दिसावयास हवेत. परंतु एकाच्या हातीं ऐंशी, दुसऱ्याच्या हातीं तीस आणि तिसऱ्याच्या हातीं पांचच दिसूं लागले तर?

१९१४ सालीं बर्लिन येथें हान्स गायगर यांच्या प्रयोगशाळेंत काम करणारे जेम्स चॅडविक या तरुण इंग्रज विद्यार्थ्याला नेमकें हेंच दिसलें. एकाच मूलद्रव्यांतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा एकसारखी नव्हती. अगदीं थोड्या ऊर्जेपासून एका ठराविक कमाल मर्यादेपर्यंत ती वाटेल तेवढी असे. शंभराच्या वर कोणाकडेच नाहीं. पण पुरते शंभरहि जवळजवळ कोणाकडेच नाहींत. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून चॅडविक यांना रूलेबेन येथील घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावर, तबेल्यांत केलेल्या बंदिवासांत युद्ध संपेपर्यंत राहावें लागलें. तेथेंच चार्ल्स एलिस नांवाचा एक तरुण लष्करी उमेदवार त्यांचा सोबती झाला आणि त्यांच्या नादानें पदार्थविज्ञानाकडे वळला. चॅडविक यांनीं टिपलेल्या तुटीचा माग पुढें याच एलिस यांनीं काढला, हा योगायोग मला मोठा हृद्य वाटतो.

तुटीचा अर्थ लावण्याचे दोन मार्ग होते. बर्लिनच्या विदुषी लीझ माइटनर यांचें मत असें कीं, वारसदाराला मिळतात ते शंभरच. परंतु घरीं पोंचेपर्यंत वाटेंत त्याचे कांहीं पैसे सांडतात. म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर पडतांना पूर्ण ऊर्जेनिशीं पडतो, आणि मग आजूबाजूच्या द्रव्याशीं धक्काबुक्की होऊन त्याची ऊर्जा कमी होते. एलिस यांना हें पटेना. त्यांनीं व वूस्टर यांनीं केंब्रिज येथें एक साधी पण अचूक युक्ति योजिली. रेडियम-ई नांवाचें किरणोत्सारी द्रव्य त्यांनीं अशा एका धातूच्या भांड्यांत ठेवलें कीं, एकहि इलेक्ट्रॉन त्याच्या भिंतीबाहेर जाऊं नये. आणि भांडें किती तापतें तें मोजलें. पैसे वाटेंत सांडले असतील, पण वाट जर सारी घराच्या आंतच आहे, तर केर काढल्यावर ते सांपडलेच पाहिजेत. माइटनर यांचें म्हणणें खरें असतें, तर प्रत्येक अणूमागें सुमारें १०,५०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी उष्णता मिळावयास हवी होती. १९२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत मिळाली ती सुमारें ३,५०,०००. ऊर्जा वाटेंत सांडलेली नव्हती. ती घरांत मुळीं आलेलीच नव्हती.

माइटनर यांना या निकालानें धक्का बसला. त्यांनीं तो मान्यहि केला नाहीं आणि नाकारलाहि नाहीं. ऑर्टमान या सहकाऱ्यास बरोबर घेऊन तोच प्रयोग अधिक काळजीपूर्वक स्वतः करून पाहिला. उत्तर तेंच आलें, आणि १९३० सालीं त्यांनीं तें जसेंच्या तसें प्रसिद्ध केलें. आपलें मत खोटें पाडणारा आंकडा आपल्याच हातानें छापावयास द्यावयाचा, ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नाहीं. या हकीकतींत पुढें मोठमोठीं नांवें येतील. परंतु मला या बाईंची थोरवी त्यांहून उणी वाटत नाहीं.

आतां तूट खरी ठरली, आणि मग मोठा पेंच उभा राहिला. डेन्मार्कचे नील्स बोर हे त्या काळच्या पदार्थवेत्त्यांचे कुलगुरूच म्हणावयाचे. अणूच्या सूक्ष्म जगांत आपले जुने नियम एकामागून एक कोसळतांना त्यांनीं पाहिले होते. त्यांतले कांहीं स्वतः पाडलेहि होते. त्यांनीं सुचविलें कीं, अणुगर्भाच्या आंत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमहि कदाचित् लागू नसेल. पुष्कळ घटनांची सरासरी घेतली तर हिशेब जुळेल, पण एकेका घटनेंत तो जुळलाच पाहिजे असें नाहीं. म्हणजे आमच्या मुलांनीं जें वाक्य घोकलें होतें, ज्यावर गेल्या शतकांतील सारें यंत्रशास्त्र आणि रसायन उभें होतें, तेंच पणाला लागलें.

झूरिक येथील व्होल्फगांग पाउली यांना हें मानवेना. ते तेव्हां तीस वर्षांचे होते, आणि दुसऱ्याच्या चुका दाखविण्याच्या तिखट जिभेबद्दल प्रसिद्ध होते. ४ डिसेंबर १९३० रोजीं त्यांनीं ट्यूबिंगेन येथें जमलेल्या किरणोत्सर्गाच्या अभ्यासकांना एक पत्र पाठविलें. ‘किरणोत्सारी स्त्रीपुरुषहो’ अशा थट्टेच्या मायन्यानें तें सुरू होतें. आपण स्वतः येऊं शकत नाहीं, कारण झूरिकमध्यें नृत्याचा समारंभ आहे, असेंहि त्यांत आहे. परंतु मधला मजकूर थट्टेचा नाहीं. ऊर्जेचा नियम वांचविण्यासाठीं मला एक हताशपणाचा उपाय सुचला आहे, असें ते लिहितात. इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण बाहेर पडत असला पाहिजे. त्याच्यावर विद्युद्‌भार नाहीं. त्याचें वस्तुमान इलेक्ट्रॉनच्याच मानाचें, निदान प्रोटॉनच्या शतांशाहून अधिक नाहीं. इलेक्ट्रॉन आणि हा कण यांच्या ऊर्जेची बेरीज प्रत्येक वेळीं तीच येते. वांटणी मात्र दर वेळीं निराळी होते.

वारसदार एक नव्हता; दोन होते. दुसरा आपला वांटा घेऊन रात्रींच गांव सोडून जात होता, आणि आपण उरलेल्या एकट्याचा खिसा तपाशीत होतों.

आज ही कल्पना सोपी वाटते. त्या वेळीं प्रकाशाचे कण सोडले, तर सारें विश्व इलेक्ट्रॉन व प्रोटॉन या दोनच कणांचें बनलें आहे असें शास्त्रज्ञ मानीत होते. एका तुटीसाठीं तिसरा कण आणावयाचा, आणि तोहि कोणी न पाहिलेला, हें धाडस पाउली यांनाहि जड गेलें. पुढें जवळजवळ तीन वर्षें त्यांनीं ही कल्पना छापूं दिली नाहीं. १९३३ च्या ऑक्टोबरांत ब्रसेल्सच्या सॉल्वे परिषदेंत ते बोलले, तेव्हां ती प्रथम ग्रंथांत आली. या मधल्या काळांत, १९३२ सालीं, त्याच चॅडविक यांनीं अणुगर्भांतील जड व भाररहित असा न्यूट्रॉन शोधून काढला होता. पाउली आपल्या कणाला न्यूट्रॉनच म्हणत; तें नांव आतां दुसऱ्यानें घेतलें. तेव्हां रोम येथील एन्रिको फेर्मी यांच्या मंडळींत थट्टेथट्टेंत निघालेलें ‘न्यूट्रिनो’, म्हणजे इटालियन वळणानें ‘इवलासा भाररहित’, हें नांव रूढ झालें.

फेर्मी यांनीं नुसतें नांवच रूढ केलें नाहीं. १९३४ मध्यें त्यांनीं या व्यवहाराचें पुरतें गणित मांडलें आणि पाउली यांची एक चूकहि दुरुस्त केली. पाउली यांस वाटलें होतें कीं, हा कण आधींपासून अणुगर्भांत दडून बसलेला असतो. फेर्मी यांनीं दाखविलें कीं तसें मानण्याचें कारण नाहीं. घंटेचा नाद घंटेंत सांठवलेला नसतो, टोला पडला म्हणजे तो उत्पन्न होतो. दिव्याचा प्रकाश दिव्यांत भरून ठेवलेला नसतो. त्याचप्रमाणें न्यूट्रॉनचें प्रोटॉनांत रूपांतर होतें त्या क्षणीं इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो हे दोघेहि जन्मास येतात. कण जन्मतात व नाहींसे होतात, हा पुंजसिद्धान्ताचा विचार द्रव्याच्या कणांनाहि लागूं पडला, तो असा.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या आजीकडे येऊं. तिचें भूत किती पैसे नेतें? सांपडत नाहींत तेवढे. केव्हां नेतें? सांपडत नाहींत तेव्हां. तें काय केल्यानें नेणार नाहीं? तें सांगतां येत नाहीं. उद्यां पैसे उशीखालीं सांपडले तर? भुतानें आणून ठेवले. अशा भुताला खोटें ठरविण्याचा मार्गच नाहीं. पाउली यांच्या कणाची गोष्ट अगदीं उलट होती. बोर यांचें म्हणणें खरें असेल, तर इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला नेमकी कमाल मर्यादा असण्याचें कारण नाहीं; एकाद्या वारसदाराच्या हातीं एकशेंवीस रुपयेहि दिसावेत. पाउली यांचें म्हणणें खरें असेल, तर शंभराच्या वर कोणीहि जातां कामा नये, कारण दुसऱ्यानें कांहींच घेतलें नाहीं तरी पहिल्याला शंभरच मिळणार. मोजमापांनीं मर्यादा तंतोतंत असल्याचें दाखविलें. किती इलेक्ट्रॉनांना किती ऊर्जा मिळावी, याचा फेर्मी यांनीं काढलेला आलेखहि प्रयोगाशीं जुळला. १९३६ सालीं बोर यांनीं आपला आक्षेप मागें घेतला.

परंतु न्यूट्रिनो अद्याप कोणी पकडला नव्हता, आणि तो पकडतां येईल अशी आशाहि नव्हती. १९३४ मध्येंच हान्स बेटे व रूडोल्फ पायर्ल्स यांनीं गणित करून दाखविलें कीं, हा कण द्रव्याशीं इतका अलिप्त असतो कीं तो प्रत्यक्ष टिपण्याचा व्यवहार्य मार्ग दिसत नाहीं. शिशाचा ठोकळा प्रकाशवर्षभर जाडीचा केला तरी अशा कणांपैकीं पुष्कळ त्यांतून आरपार जातील. सूर्यांतून निघालेले न्यूट्रिनो आपल्या शरीराच्या दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला सुमारें ६,००० कोटि या संख्येनें जात असतात; आतां मी बोलत असतांनाहि जात आहेत. आपल्याला त्याची दाद नसते, आणि त्यांनाहि आपली नसते.

मार्ग निघाला तो अणुभट्टीमुळें. बेटे व पायर्ल्स यांनीं गणित केलें तेव्हां अणुभट्ट्या नव्हत्या. अणुभट्टींतून दर सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरमधून कित्येक लाख कोटि न्यूट्रिनो बाहेर पडतात. (नेमकें बोलावयाचें तर हे त्यांचे जुळे भाऊ प्रतिन्यूट्रिनो, परंतु आज आपण दोघांना एकाच नांवानें हांक मारूं.) इतक्यांतून एकादा तरी पाण्यांतल्या प्रोटॉनवर आदळेल, या हिशेबानें अमेरिकेंत फ्रेडरिक राइनेस व क्लाइड कोवन या दोघांनीं साउथ कॅरोलिनांतील सव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीपासून ११ मीटर अंतरावर, जमिनीखालीं १२ मीटर खोल, पाण्याच्या टांक्या मांडल्या. न्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला म्हणजे एक पॉझिट्रॉन आणि एक न्यूट्रॉन जन्मतात. पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला गांठून लगेच नाहींसा होतो व त्याची चमक उठते. न्यूट्रॉन थोडा भटकतो आणि सेकंदाच्या कांहीं लक्षांशांनंतर पाण्यांत विरघळविलेल्या कॅडमियमच्या अणूंत शिरतो. तेव्हां दुसरी चमक उठते. धुळींत एकच ठसा दिसला तर तो वाऱ्याचा कीं पावलाचा, हें सांगतां येत नाहीं. पण उजवें पाऊल आणि ठराविक अंतरावर डावें पाऊल, असे ठसे दिसले म्हणजे कोणी तरी चालून गेलें याची खात्री पटते. असे जोडठसे तासाला सुमारें तीन या मानानें मिळाले, आणि भट्टी बंद असतांना ते कमी झाले. १४ जून १९५६ रोजीं दोघांनीं पाउली यांना तार केली. जो वाट पाहूं जाणतो त्याला सर्व कांहीं मिळतें, अशा आशयाचें त्यांचें उत्तर होतें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९५८ च्या डिसेंबरांत, पाउली वारले. कोवन १९७४ सालीं गेले. नोबेल पारितोषिक १९९५ मध्यें मिळालें, तें एकट्या राइनेस यांना.

येथवरचे न्यूट्रिनो माणसानें केलेल्या भट्टींतले. निसर्गांत जन्मलेला न्यूट्रिनो अजून सांपडावयाचा होता. आणि या हकीकतींतलें तें पान लिहिण्यांत मुंबईचा हात आहे. अवकाशांतून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात तेव्हां तेथें न्यूट्रिनो जन्मतात. पण त्यांच्याबरोबर जन्मलेल्या इतर कणांचा जमिनीवर इतका गलबला असतो कीं, त्यांत न्यूट्रिनोचा शब्द ऐकूं येणें शक्य नाहीं. तो ऐकावयाचा तर खोल जमिनींत गेलें पाहिजे, कारण खडक इतर कणांना अडवितो आणि न्यूट्रिनोला अडवीत नाहीं. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनीं यासाठीं कोलारच्या सोन्याच्या खाणी निवडल्या. त्या तेव्हां म्हैसूर राज्यांत होत्या आणि जगांतील अतिशय खोल खाणींत त्यांची गणना होई.

मुंबईचे मेनन, श्रीकंठन, नरसिंहम् आदि शास्त्रज्ञ, जपानच्या ओसाका सिटी विद्यापीठाचे मियाके व त्यांचे सहकारी, आणि इंग्लंडच्या डरॅम विद्यापीठाचे वुल्फेंडेल यांची मंडळी, अशा तिघांनीं मिळून २.३ किलोमीटर खोलीवर आपलीं उपकरणें नेलीं. तीं त्यांनीं भिंतीसारखीं उभीं केलीं, कारण वरून उतरणारा कण पूर्वीं सांगितलेल्या गलबल्यापैकीं असूं शकतो. परंतु आडव्या दिशेनें जो कण येईल, त्याला कित्येक पट अधिक खडकांतून यावें लागलें असतें. असा कण न्यूट्रिनोनें जवळच्या खडकांतच जन्मास घातला असला पाहिजे. १९६५ सालीं असे कण दिसले, आणि त्यांचा वृत्तान्त १५ ऑगस्टला छापून आला. त्याच वेळीं दक्षिण आफ्रिकेंतील एका सोन्याच्या खाणींत राइनेस यांची मंडळीहि हाच शोध करीत होती. घटना त्यांना आधीं दिसली होती. वृत्तान्त त्यांचा सुमारें दोन आठवड्यांनीं छापला गेला. श्रेय दोघांचें आहे. कोलारची खाण २००१ सालीं बंद झाली. जेथून पिढ्यानुपिढ्या सोनें निघालें, तेथून न्यूट्रिनोचा हा पुरावाहि निघाला, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

हिशेब पुरा झाला असें येथें वाटावें, तों दुसरी तूट निघाली. अमेरिकेच्या साउथ डाकोटांतील होमस्टेक या सोन्याच्या खाणींत रेमंड डेव्हिस यांनीं ६०० टनांहून अधिक, कपडे धुण्याच्या कामीं येणारें, एक क्लोरीनयुक्त द्रव भरून ठेवलें. सूर्याचा न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूवर आदळला तर त्याचा आर्गॉन होतो. त्या अफाट टांकींतून थोड्याथोड्या आठवड्यांनीं आर्गॉनचे मोजके अणु वेंचून काढावयाचे, असें काम त्यांनीं सुमारें पंचवीस वर्षें केलें. सूर्याच्या गणितानें जेवढे मिळावयास हवे होते, त्यांच्या सुमारें एक-तृतीयांशच मिळाले. कोणी म्हणाले, सूर्याचें गणित चुकलें. कोणी म्हणाले, डेव्हिस यांची मोजणी चुकली. ज्या वर्षीं मीं त्या मुलाला उभें केलें त्या वर्षींहि हा हिशेब तसाच तुटलेला पडला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पुढें कळलें कीं दोघेहि बरोबर होते. न्यूट्रिनो तीन जातींचे असतात. ब्रूनो पॉन्टेकोर्व्हो यांनीं १९५७ सालींच सुचविलें होतें कीं न्यूट्रिनो चालतां चालतां आपलें रूप पालटूं शकत असेल. पुंजसिद्धान्ताप्रमाणें एकादा कण एकाच वेळीं अनेक अवस्थांचें मिश्रण असूं शकतो. दोन तंबोऱ्यांच्या तारा किंचित् निराळ्या सुरांत लागल्या म्हणजे नाद जसा कमीजास्त होत राहतो, तसें न्यूट्रिनोंतील मिश्रणाचें प्रमाण वाटेंत पालटत जातें. १९९८ मध्यें जपानच्या कामिओका खाणींतील ५०,००० टन पाण्याच्या टांकीनें या रूपपालटाचा पुरावा दिला. २००१ व २००२ या सालीं कॅनडांतील सडबरीजवळच्या निकेलच्या खाणींत १,००० टन जड पाण्याच्या साहाय्यानें सूर्याच्या तिन्ही जातींच्या न्यूट्रिनोंची मोजणी झाली. एकूण बेरीज सूर्याच्या गणिताशीं जुळली. एक-तृतीयांश होते ते डेव्हिस यांना दिसणाऱ्या जातीचे. वारसदार सारेच आले होते. दोन-तृतीयांश वेष पालटून आले होते, एवढेंच. डेव्हिस यांना २००२ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें तेव्हां ते ८८ वर्षांचे होते.

रूप पालटावयाचें तर न्यूट्रिनोला थोडें तरी वस्तुमान असलेंच पाहिजे. तें किती, हें अजून कोणाला तोलतां आलेलें नाहीं. जर्मनीतील कार्ल्सरूअ येथील प्रयोगानें २०२५ सालीं एवढें सांगितलें कीं, तें ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दहा-लक्षांशाहूनहि कमी. वहींतली ती एक ओळ अजून कोरी आहे.

श्रोतेहो, माझी वेळ संपत आली. ज्याचें मी देणें लागतों तो मुलगा आतां पन्नाशीला आला असेल; कोठें असतो मला ठाऊक नाहीं. तो ऐकत असेल तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. न दिसणारी वस्तु मानणें हा कांहीं शास्त्राचा विशेष नाहीं. तें तुझी आजीहि करीत होती. फरक आहे तो मानल्यानंतर माणूस काय करतो यांत. पाउलींनीं आपला कण मानला आणि लगेच त्याचें वर्णन लिहून देऊन, तो असेल तर अशा अशा खुणा सांपडाव्यात, शोधा, म्हणून दुसऱ्यांना सांगितलें. माइटनरबाईंनीं आपल्याविरुद्ध गेलेला आंकडा स्वतःच्या सहीनें छापला. बोर यांनीं आपला मोठेपणा आड न आणतां चूक कबूल केली. त्या दिवशीं वर्गांत चूक कबूल करावयाची राहिली ती माझी.

त्या दिवशींचा तास आतां संपला. तूं खालीं बस.